माझ्या बाजूचा ब्रेक

६ मार्च, शुक्रवार

ही वही मी हौसेने आणलेली नाही. गणिताच्या बाईंनी आणायला लावली. सकाळी डोळे उघडले की चहाच्याही आधी रात्रीचं स्वप्न लिहून काढायचं, असं त्यांचं फर्मान आहे. चोपन्नाव्या वर्षी मला गृहपाठ.

तर घ्या, स्वप्न. गेले तीन आठवडे एकच आहे, त्यामुळे लिहायला वेळ लागत नाही. आमची कन्या गाडी चालवते आहे. मी तिच्या शेजारी. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबतो आणि तो उशीत पाय घातल्यासारखा खाली खाली जात राहतो. गाडी थांबत नाही. मी दचकून जागा होतो, मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडतो आणि आठ वाजता नवशिक्यांच्या शेजारी जाऊन बसतो.

माझ्या बाजूचा ब्रेक म्हणजे काय तेही लिहून ठेवतो, कारण बाई म्हणाल्या, वही अशी लिहा की दहा वर्षांनी परक्याने वाचली तरी कळली पाहिजे. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. आमच्या गाड्यांत शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. शिकणारा भिंतीकडे निघाला की आपण तो दाबायचा. सव्वीस वर्षं माझा पाय त्या ब्रेकवर आहे आणि सव्वीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही. मालक नव्या गिऱ्हाइकांना हे अजून अभिमानाने सांगतात.

आणि माझीच पोर दोनदा नापास झाली आहे. दुसऱ्यांदा परवाच, मंगळवारी.

ती फिजिओथेरपिस्ट आहे. हॉस्पिटलची गाडी घेऊन घरोघर जायचं आणि अंथरुणाला खिळलेल्यांचे व्यायाम घ्यायचे, अशी नोकरी तिला लागली आहे. शंभर मुलींतून निवडली. सहा एप्रिलला रुजू व्हायचं, लायसन हातात घेऊन. नसलं तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. परीक्षा एक मंगळवार सोडून एका मंगळवारी असते, म्हणजे तिच्याकडे सतरा मार्च आणि एकतीस मार्च, एवढंच उरलं. दोन्ही वेळा नापास होण्याचं कारणही एकच. परीक्षेत माझ्या जागी आरटीओचे साहेब बसतात आणि त्यांनी त्या ब्रेकला पाय लावला की खेळ खलास. साहेब भित्रा आहे, दुसरं काही नाही.

७ मार्च, शनिवार

स्वप्न तेच. आज बाईंबद्दल लिहितो.

बाई एकसष्ट वर्षांच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त. यजमानांची नजर गेली म्हणून गाडी शिकायला आल्या. गिअर बदलण्याआधी दर वेळी "बदलू का?" म्हणून विचारतात. गुरुवारी मी त्यांच्यावर विनाकारण खेकसलो आणि मग माफी मागताना झोपेचं सगळं रडगाणं सांगून बसलो. बाईंनी गाडी बाजूला घेतली (आरशात न बघता) आणि मला शिकवायला सुरुवात केली.

म्हणे, स्वप्नात असतानाच आपल्याला कळलं की हे स्वप्न आहे, की मग आपलंच राज्य. हवं ते करता येतं. लुसिड ड्रीम म्हणतात त्याला.

"पण स्वप्नात कळणार कसं? तिथे कुणी पाटी लावलेली असते का?"

"त्यासाठी दिवसा सवय लावायची, सर. दहा-बारा वेळा थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, मी आत्ता स्वप्नात तर नाही ना? मनापासून विचारायचं, हजेरी घेतल्यासारखं नाही. आणि खातरजमा करायची. हाताची बोटं मोजा. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा, स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास येतो. एखादी पाटी वाचा, नजर फिरवा, परत वाचा, स्वप्नात अक्षरं बदलतात. दिवसाची सवय हळूहळू झोपेत उतरते आणि एक दिवस बोटं सहा निघतात."

"तुम्ही करता हे?"

"आठवड्यातून एकदा तरी जमतं. मोठ्या उतारावरून सायकल सोडते. दोन्ही हात सोडून."

"आणि ब्रेक?"

"स्वप्नात कशाला हवाय ब्रेक?"

अशा बाईला मी रस्त्यावर सोडणार आहे. पण तीन आठवडे झोप नसलेला माणूस कुणाचंही ऐकतो. मला उडायचं नाही, सायकली सोडायच्या नाहीत. माझं काम साधं आहे. स्वप्नात जागं व्हायचं, तो ब्रेक लावून दाखवायचा आणि गाडी थांबवायची.

९ मार्च, सोमवार

आजच्या खातरजमा अकरा. निष्कर्ष अकराही वेळा एकच, की मी जागा आहे. हे मला न मोजताही माहीत होतं.

बेकरीवाला माझा सकाळचा विद्यार्थी. चांगला माणूस, हात जड. चौकात लाल दिव्याला उभे होतो, तेवढ्यात मला आठवण झाली म्हणून मी नाक चिमटीत धरलं, तोंड मिटलं आणि श्वास ओढून बघितला. तो माझ्याकडे बघत राहिला. हिरवा दिवा लागला तरी बघत राहिला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"सर, मी पहाटे चारला भट्टीपाशी असतो," तो म्हणाला. "पण अंघोळ करून आलोय."

मी काय सांगणार त्याला? सांगितलं की सर्दी आहे.

१० मार्च, मंगळवार

बेकरीवाला आज अत्तर लावून आला. गाडीत पंचेचाळीस मिनिटं. आता नाक खरंच दाबून ठेवावं लागलं आणि बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

स्वप्न तेच.

११ मार्च, बुधवार

नंबरप्लेटा वाचणं सोडून दिलं. पुढच्या गाडीची प्लेट वाचायची, नजर फिरवायची, परत वाचायची. पण परत वाचेपर्यंत ती गाडी गेलेली असते आणि दुसरी आलेली असते. नंबर बदलला म्हणून मी दर मिनिटाला स्वप्नात.

संध्याकाळी जेवताना डाव्या हाताची बोटं मोजत होतो, तर कन्येने ताट बाजूला सारलं आणि माझ्यासमोर बसली.

"बाबा, हस बघू. दात दाखव. आता दोन्ही हात वर कर आणि डोळे मीट."

"का?"

"हात का बघत बसलायस? मुंग्या येतायत का? बधिर वाटतंय?"

कन्येला अर्धांगवायूची शंका आली होती आणि हिने तर फोन हातात घेतला होता डॉक्टरला लावायला. (ही म्हणजे माझी बायको, पोस्टात काउंटरवर असते.) मग दोघींना सगळं सांगावं लागलं, फक्त स्वप्नात गाडी कोण चालवतं ते गाळून. कन्या हसून हसून आडवी पडली. ही हसली नाही. म्हणाली, "अहो, स्वप्नात तरी कुणाला तरी निवांत गाडी चालवू द्या."

हिला काय कळतंय. हिला गाडी मीच शिकवली. रोज पोस्टात जाताना एकटी उत्तम चालवते म्हणे, मी कधी बघितलेलं नाही, कारण मी बरोबर असलो की किल्ली मुकाट्याने माझ्या हातात देते. बायको मान देते म्हणून मला बरं वाटतं, कबूल करतो.

१३ मार्च, शुक्रवार

आज बोटं मोजली. म्हणजे स्वप्नात मोजली. सवय झोपेत उतरली, बाई म्हणाल्या होत्या तशी. ब्रेक खाली जाऊ लागला, मी हात समोर धरला आणि मोजलं. सात निघाली.

आणि मी काय केलं? समाधानाने मान डोलावली. मनात म्हटलं, बरोबर आहे, सव्वीस वर्षं नोकरी झाली की सात होतात. मग पुन्हा ब्रेक दाबत बसलो आणि दचकून उठलो.

माझ्या डोक्यापुढे मीच हात टेकले आहेत.

१४ मार्च, शनिवार

सुचलं. बोटं कशाला, नाक कशाला. माझ्याकडे याहून चोख खातरजमा आहे आणि ती पायाखालीच आहे. जागेपणी ब्रेक लागतो, स्वप्नात लागत नाही. दिवसातून दहा-बारा वेळा माझ्या बाजूचा ब्रेक दाबायचा आणि मनापासून विचारायचं. लागला तर जागा, गेला तर स्वप्न. विषय संपला.

दुपारी बाईंवर प्रयोग केला. मोकळा रस्ता होता, मी अगदी हलकेच दाबला. बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"काही चुकलं का माझं?"

"नाही. खातरजमा करत होतो."

बाई चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "सर, ही तुमची तुम्हाला आतल्या आत नाही का करता येणार?"

नाही येणार. मनापासून करायची ना?

१५ मार्च, रविवार

सुट्टी. स्कूलची गाडी मागून घेतली आणि कन्येचा दोन तास सराव घेतला. उत्तम चालवते. स्टिअरिंगवर हात हलका, गिअर लोण्यासारखे, आरसे बघते. थांबण्याचा तर प्रश्नच नाही, प्रत्येक चौकात, प्रत्येक वळणावर गाडी जिथल्या तिथे उभी. खातरजमेला वेगळी संधीच शोधावी लागली नाही, तिच्याबरोबर असलं की माझा पाय तसाही चालूच असतो. एका जागी बाहेरचा रस्ता मोकळा मिळाला तर म्हणाली, "बाबा, पाय मागे घे ना जरा." घेतला की. पुढच्या वळणापर्यंत घेतला होता.

मंगळवारी पास होणार. याला मी जामीन.

१७ मार्च, मंगळवार

नापास.

लिहायची इच्छा नाही.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. वयाने माझ्याहून लहान, शर्टाच्या खिशात चार पेनं. म्हणाले, "मुलगी छान चालवते हो. पण थांबायची वेळ आली की पाय उचलते आणि तसाच धरून ठेवते. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. मग मला दाबावा लागतो."

कुणाची वाट बघणार ती? ब्रेक काय बसथांब्यावर येतो? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, साहेब, तुम्ही घाई करता, तुम्ही जरा धीर धरलात तर ती दाबेल की. त्यावर हा माणूस माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच काहीतरी चुकीचं बोललो.

परत येताना कन्या मागे बसली.

१८ मार्च, बुधवार

घरात भांडण. शब्दशः लिहितो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको.

ती म्हणाली, "बाबा, मी ब्रेक दाबायला पाय उचलते ना, तोवर गाडी थांबलेली असते. दर वेळी. दोन महिने. माझ्या पायाला माहीतच नाही ब्रेक कसा असतो ते."

मी म्हटलं, "मग काय भिंतीवर जाऊ द्यायची होती?"

"हो. एकदा जाऊ द्यायची होती."

"सव्वीस वर्षांत एक ओरखडा..."

"माझी नोकरी जातेय, बाबा. तुझ्या ओरखड्याचं काय घेऊन बसलायस."

यावर ही, जी भांडणात कधी पडत नाही, भांडी पुसता पुसता म्हणाली, "उद्यापासून सकाळी तू माझ्याबरोबर चल. आपली गाडी घेऊ. पोस्टापर्यंत तू चालव."

घरच्या गाडीत शेजारी ब्रेक नाही. मी हे तीनदा सांगितलं. ही म्हणाली, "म्हणूनच."

मी एवढंच नोंदवून ठेवतो की ज्या घरात शिकवणारा सव्वीस वर्षांचा अनुभवी माणूस आहे, त्या घरातली मुलगी पोस्टातल्या बाईकडे शिकते आहे.

२० मार्च, शुक्रवार

दोघी सकाळी सातला गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. फाटकातून बाहेर पडताना गाडी दोनदा बंद पडली आणि आतून हसण्याचा आवाज आला. माझ्याबरोबर ती कधी हसल्याचं आठवत नाही. आमच्याकडे गाडी बंदही पडत नाही.

२१ मार्च, शनिवार

गॅरेजच्या मिस्त्रीने स्कूलची गाडी वर चढवली, चाक काढलं आणि मला खाली बोलावलं. ब्रेकची पॅडं संपली होती. दोन महिन्यांपूर्वी घातलेली, वर्षभर टिकतात.

"सर, या गाडीत नक्की शिकतंय कोण?" त्याने विचारलं.

मिस्त्री चहा पिताना मालकांपाशी बोलला असणार. दुपारी मालकांनी बोलावलं. त्यांच्यासमोर वही होती, माझी नव्हे, त्यांची. या महिन्यात माझे तीन विद्यार्थी नापास आणि तिघांच्या कागदावर साहेबांनी एकच शेरा मारलेला, ब्रेक लावत नाही. शिवाय बेकरीवाल्याने दुसरे सर मागितले आहेत. का ते सांगितलं नाही त्याने. मोठं मन आहे.

"तब्येत बरी आहे ना?" मालक म्हणाले. त्यांनी ओरडायला हवं होतं, मला ते सोपं गेलं असतं. "हे बघा, माणूस चाकाखाली येत असेल तरच पाय लावा. एरवी तो ब्रेक तुमच्यासाठी नाही असं समजा. मी रोज विचारणार आहे."

म्हणजे खातरजमा बंद. स्वप्नं चालू. महिनाभर झोप नाही, पोरगी शेजारी बसवत नाही, नोकरीत मान खाली घालावी लागली, आणि एवढं सगळं करून मी स्वप्नात जागा झालेलो नाही. सगळ्याचा कंटाळा आला आहे. बाईंना सोमवारी सांगणार, तुमची वही तुम्हाला लखलाभ.

२३ मार्च, सोमवार

सांगितलं नाही. बाईंनी विचारलं, "लिहिताय ना?" आणि मी हो म्हटलं. शाळेत असताना जसं म्हणायचो अगदी तसंच.

पाय आवरणं हे काम आहे हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी मांडी भरून आली. काही न करता.

२७ मार्च, शुक्रवार

झालं. आज झालं. नीट लिहितो.

स्वप्न तेच, कन्या चालवते आहे. मी ब्रेक दाबला आणि दाबताक्षणी मनात आलं, की आता मालक विचारणार आणि मी काय सांगणार. आणि मग लक्षात आलं की मालक विचारतील कशाला, गाडी तर थांबलीच नाही. थांबली नाही म्हणजे ब्रेक लागला नाही. लागला नाही म्हणजे हे स्वप्न. मी स्वप्नात आहे आणि मला कळलं आहे.

बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, सगळं एकदम लख्ख दिसायला लागलं. सीटच्या कापडाची वीण दिसत होती. मी म्हटलं, आता बघतोच. आणि काय समोर येतंय, कशावर आदळणार आहोत, ते बघायला मान वर केली.

समोर काही नव्हतं.

रस्ता होता. सरळ, रिकामा. ट्रक नाही, भिंत नाही, आडवं येणारं कुणी नाही. बाजूला शेतं असावीत. महिनाभर मी रोज या गाडीत बसतोय आणि पायाकडे बघता बघता समोर एकदाही बघितलं नव्हतं. कन्या आरामात चालवत होती, काहीतरी गुणगुणत. मी तिला म्हटलं, थांब. ती म्हणाली, "कशासाठी?" मला कारण सांगता येईना. आजूबाजूला शोधलं, खरंच काही नव्हतं थांबण्यासारखं.

मग बसून राहिलो. अलार्म होईपर्यंत.

एवढा खटाटोप, नाकाच्या चिमट्या, लोकांच्या शिव्या, आणि हातात काय पडलं तर एक रिकामा रस्ता. हे असलं स्वप्न बघून मी दचकत होतो? दचकण्याजोगं काय होतं त्यात? फसवणूक झाल्यासारखं वाटतंय.

२८ मार्च, शनिवार

बाईंना सांगितलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

"मग? ब्रेक दुरुस्त केलात?"

"नाही."

"गाडी थांबवलीत?"

"नाही. नुसता बसलो होतो."

"कसं वाटलं?"

विचित्र प्रश्न विचारतात. मी म्हटलं, गाडी चांगली चालवत होती ती. बाई मान हलवत राहिल्या आणि मग समोर वळण आलं. "बदलू का?" त्यांनी विचारलं.

"तुमचं तुम्ही ठरवा," मी म्हटलं. मालकांच्या वहीचा परिणाम. बाईंनी गिअर बदलला, वेग जास्तच होता, फूटपाथ जवळ आला. माझा पाय ब्रेकवर होता. मी तो तसाच ठेवला, दाबला नाही. बाईंनी दाबला. गाडी फूटपाथपासून वीतभर आधी उभी राहिली. बाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

"हा मी लावला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच."

एकसष्टाव्या वर्षी माणूस एवढं लाजतं हे मी पहिल्यांदा बघितलं.

३० मार्च, सोमवार

उद्या परीक्षा. कन्या म्हणाली, "बाबा, तू नको येऊस. राग मानू नकोस." राग कसला. मला धडे आहेतच दिवसभर.

राग नाही आला. वाईट वाटलं. दोन्हींत फरक आहे आणि तो मला आज नीट कळला.

झोपायच्या आधी तिच्या खोलीत डोकावलो. काय सांगायचं ते ठरवून गेलो होतो, क्लच, आरसे, वळणाआधीचा वेग. ती पलंगावर बसून बूट पुसत होती. उजव्या बुटाच्या अंगठ्याची बाजू घासली गेली होती. म्हटलं, नवे घे आता, पगार झाला की. ती म्हणाली, "झोप बाबा."

३१ मार्च, मंगळवार

अकरा वाजले, फोन नाही. साडेअकरा, नाही. मी एका नव्या मुलाला पहिला धडा देत होतो आणि तो क्लच समजावून घेत असताना मी त्याला तीनदा म्हटलं, "हं, बरोबर," आणि तो तीनही वेळा चुकला होता.

पावणेबाराला फोन आला, तिचा नाही, हिचा. "पास झाली," ही म्हणाली. "साहेबांचा पाय हललासुद्धा नाही." म्हणजे आधी आईला कळवलं. आईने मला कळवलं. असो.

त्या मुलाला लवकर सोडलं आणि गाडी बाजूला उभी करून बसलो. मला आनंद झाला. खूप झाला. आणि आनंदाच्या खाली आणखी एक काहीतरी होतं, ज्याला मी दोन महिने ब्रेक म्हणत होतो. ती आता रोज सकाळी जाणार, कुठल्या रस्त्याने जाणार, कुणाच्या घरी जाणार, मला कळणार नाही. मी तिला लहानपणी सायकल शिकवली तेव्हाही सीट सोडली नव्हती, शेवटी हिने माझा हात काढला. मला भीती वाटते, एवढंच. हे लिहायला वही लागली.

६ एप्रिल, सोमवार

कन्या आज रुजू झाली. ही बसने गेली, गाडी कन्येला दिली. "वाटेत तुला स्कूलवर सोडते," ती मला म्हणाली. मी शेजारी बसलो. घरच्या गाडीत या बाजूला मी कधी बसलेलोच नव्हतो. पाय कुठे ठेवायचे कळेना, शेवटी एकावर एक ठेवले. पहिला सिग्नल आला, मी "लाल" म्हणायला तोंड उघडलं, पण गाडी आधीच हळू झाली होती. रेषेच्या अलीकडे उभी राहिली, हिसका नाही, काही नाही. तोंड मिटलं.

पुढचं मला सांगता येत नाही. कारण पुढे मी डोळे उघडले तेव्हा गाडी बंद होती आणि आजूबाजूला खांब होते, आणि शंभरएक गाड्या. हॉस्पिटलचं तळघर. माझ्या गालाखाली तिचा स्वेटर घडी करून ठेवलेला. ती स्टिअरिंगवर कागद ठेवून फॉर्म भरत होती.

"स्कूल कुठे गेलं?"

"मागे. पाऊण तास झाला."

"उठवायचंस ना मग."

"स्कूलसमोर थांबले होते. तुझ्याकडे बघितलं आणि नाही उठवलं."

"वाटेत काही..."

"एक बस आडवी आली. जोरात ब्रेक लावावा लागला. तुझं डोकं पुढे गेलं, परत मागे आलं, आणि तू घोरायला लागलास."

मग मी तिला चांगलं सुनावलं. पहिल्या दिवशी असं कुणी वाट वाकडी करतं का, माझा आठचा धडा बुडाला, बाई ताटकळत असतील, मालकांना मी कोणत्या तोंडाने सांगू. तिने सगळं ऐकून घेतलं, फॉर्मवर सही केली, माझी कॉलर सरळ केली आणि लिफ्टकडे निघून गेली. बॅग खांद्यावर, वळून बघितलं नाही. वळून बघायचं काही कारणही नव्हतं.

परत यायला बसने तासभर लागला. मालक बोलायचं ते बोलले. बाईंना खरं काय ते सांगितलं, की पोरगी चालवत होती आणि मला झोप लागली. सव्वीस वर्षांत शेजारच्या सीटवर माझा डोळा कधी मिटला नव्हता. बाईंनी विचारलं, स्वप्न कुठलं पडलं? मी आठवून बघितलं. कुठलंच नाही.

संध्याकाळी ती आली. पाच घरं केली म्हणाली, त्यातली दोन जिना असलेली. मी विचारलं, उद्या किती वाजता निघणार.

"साडेसात. पण उद्या तुला स्कूलवर नक्की उतरवते."

म्हटलं, बघ जमलं तर. नाहीतर परत यायला बस आहेच.